बासष्टावी खूण

माझ्या बाटलीत अठ्ठावीस वर्षांत एकदाही चिखल आला नाही. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलंय याला गणती नाही. आमच्या पाणी-तपासणी केंद्रात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला दोन गोष्टी मिळायच्या, एक कप चहा आणि हे वाक्य. चहा कधी कधी राहून जायचा.

आमचा तलाव एवढा मोठा आहे की हवा स्वच्छ असेल त्याच दिवशी पलीकडचा काठ दिसतो. तीन शहरं त्याचं पाणी पितात, आणि तीच तीन शहरं आपलं सांडपाणी परत त्यातच सोडतात. मधोमध सगळ्यात खोल जागा आहे, चौसष्ट मीटर. महिन्यातून दोनदा तिथे बोट न्यायची, दोरीला बांधलेली बाटली खाली सोडायची आणि तळाजवळचं पाणी वर आणायचं, हे माझं काम. बाटलीची दोन्ही तोंडं उघडी असतात. ती हव्या त्या खोलीवर पोचली की वरून दोरीवर एक पितळी वजन सोडायचं. ते घसरत खाली जातं, बाटलीवर आदळतं आणि तोंडं बंद होतात. त्या वजनाला आम्ही निरोप्या म्हणतो. मग बाटली वर ओढायची आणि त्या पाण्यात ऑक्सिजन किती आहे ते तपासायचं.

नियम असा की बाटली तळापासून दोन मीटर वर थांबली पाहिजे, म्हणजे बासष्ट मीटरवर. त्याखाली गेली तर गाळ उसळतो आणि नमुना फुकट जातो. दुसऱ्या केंद्रांतल्या लोकांच्या बाटल्यांत वर्षातून दोन-चारदा चिखल येतोच. माझ्या नाही. दोरीवर दर मीटरला काळ्या ऑइलपेंटची खूण, दर दहाव्या मीटरला लाल. बासष्टावी खूण पाण्याला टेकली की माझा हात आपोआप थांबतो. मला सगळे दोरीबाई म्हणतात ते उगाच नाही.

दोरी साधारण नऊ-दहा वर्षं टिकते. नवी आली की ती मी स्वतः आखायचे. केंद्राच्या लांब व्हरांड्यात जुनी दोरी पसरायची, तिच्या शेजारी नवी, आणि जुनीवरच्या खुणा नवीवर उतरवून घ्यायच्या. पहिली दोरी मात्र आमच्या तेव्हाच्या साहेबांनी माझ्यासमोर पोलादी टेपने मोजली होती. तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. घराण्यात जशी रीत चालत येते तशी खूण चालत आली, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. जुन्या दोऱ्याही मी टाकल्या नाहीत. वर्षांच्या चिठ्ठ्या बांधून कोठीच्या खोलीत ठेवल्या.

आता सूनबाईकडे येते. ती आमच्या घरात आली चार वर्षांपूर्वी आणि आमच्या केंद्रात आली गेल्या वर्षी. मोठ्या तलावांना पुढे काय काय धोका आहे ते शोधून अहवाल लिहिणं हे तिचं शिक्षण आणि तिचं काम. आमच्या तलावाची अशी पाहणी दहा वर्षांतून एकदा होते. अहवाल समितीपुढे जातो आणि समिती शेरा देते. ‘कमी धोका’ आला की पुढची दहा वर्षं कोणी ढुंकून बघत नाही. ‘जास्त धोका’ आला की तिन्ही शहरांना सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय तलावात सोडता येत नाही. आजवर दोनदा पाहणी झाली होती आणि दोन्ही वेळा ‘कमी धोका’च आला होता. त्याचं मुख्य कारण म्हणजे माझे आकडे. तळाजवळ ऑक्सिजन लिटरमागे पाच मिलिग्रॅम. अठ्ठावीस वर्षं पाच, कधीतरी पावणेपाच. तळ जिवंत आहे, काळजी नको.

केंद्रात आल्यावर तिने मला मॅडम म्हणायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्याला कंटाळलो आणि ती तिथेही आईच म्हणू लागली. ते ऐकून ऐकून एकदा साहेबांच्याही तोंडून ‘आई’ निघालं. त्या दिवशी ते पुन्हा माझ्या खोलीकडे फिरकले नाहीत.

उन्हाळा अर्धा सरला होता. त्या दिवशी सूनबाई आपलं नवं यंत्र घेऊन बोटीवर आली. हातभर लांबीची ती नळी पाण्याच्या दाबावरून खोली ओळखते आणि ऑक्सिजनही जागेवरच मोजते. तिने ती माझ्या बाटलीच्या बुडाशी बांधली. माझी बासष्टावी खूण पाण्याला टेकली, मी निरोप्या सोडला, आणि ती हातातल्या पडद्याकडे बघत बसली.

“आई, हे छपन्न दाखवतंय,” ती हळूच म्हणाली.

मी बोटवाल्याकडे वळून म्हटलं की हल्ली नाचता येईना अंगण वाकडं असा प्रकार फार झालाय. बोटवाला बिचारा इंजिनाशी खेळत राहिला. बोलले त्याला, पण लागायचं तिलाच होतं, आणि ते तिलाही कळलं.

मग तिने नळी सुटी करून तिच्याच तारेने एकटी खाली सोडली. छपन्नला पाच. अठ्ठावन्नला तीन. साठला एक. बासष्टला जवळजवळ काहीच नाही. तिने तो आकडा मला वाचून दाखवला नाही, फक्त पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. यंत्र बिघडलंय म्हणून मी सांगितलं, आणि परतीच्या वाटेवर तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

तिने यंत्र बनवणाऱ्यांकडे पाठवून तपासून घेतलं. ते ठीक होतं. पुन्हा बोटीवर नेलं, पुन्हा छपन्न. तेव्हा तिने विचारलं की दोरी एकदा पोलादी टेपने मोजू या का. मी म्हटलं, माझ्या दोरीला टेप लावायचा असेल तर आधी मला निवृत्त होऊ दे, चारच महिने राहिलेत. तिने विषय सोडला. घरी जेवताना मुलगा एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघायचा आणि दोघींच्या बोलण्याला मान हलवायचा. इलेक्ट्रिशियन आहे तो. दोन उघड्या तारांच्या मध्ये हात घालू नये हे त्याला कळतं.

पण मन खात होतं. माणूस दुसऱ्याशी भांडून जिंकतो, स्वतःशी किती भांडणार? पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी सकाळी एकटीच केंद्रात गेले. व्हरांडा रिकामा होता. दोरी ओली केली, ताणून पसरली आणि पोलादी टेप लावला. पहिल्या लाल खुणेला दहा मीटर यायला हवे होते. टेप नऊ म्हणत होता, आणि वर चार बोटं. मला वाटलं टेप अडकला. दुसऱ्या लाल खुणेला अठरा आणि थोडं. बासष्टाव्या खुणेपर्यंत गुडघ्यांवर सरकत गेले तेव्हा टेपवर छपन्न होते.

तिथेच फरशीवर बसले. नायलॉनची दोरी पाण्यात राहून राहून आखडते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. म्हणून तर दर नऊ वर्षांनी बदलायचो. पण नवी दोरी मी आखडलेल्या दोरीवरून आखत होते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. कोठीतून जुन्या दोन्ही काढल्या. पहिलीची बासष्टावी खूण साठावर, दुसरीची अठ्ठावन्नवर. प्रत्येकीने आपापले दोन मीटर खाल्ले होते आणि पुढचीला तसेच देऊन टाकले होते. माझ्या बाटलीत चिखल कसा येणार? बाटली तळापासून आठ मीटर वर लटकत होती. ज्या गोष्टीची मी एवढी वर्षं शेखी मिरवली तीच माझी चूक होती. मला फार लाज वाटली. रडलेही थोडी, बघायला कोणी नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी सरळ साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेब भला माणूस, पण भित्रा. त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाले की झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही चार महिन्यांत निवृत्त होताय, नवी दोरी टेपने आखू, पुढचे आकडे आपोआप बरोबर येतील. आणि शिवाय, ते म्हणाले, तुमच्या सूनबाईंनी अहवालात तो विषय फारसा घेतलेलाच नाही.

हे मला नवीन होतं. मी त्यांच्या टेबलावरून अहवाल उचलला आणि तिथेच उभ्याने वाचला. तिच्या यंत्राचे आकडे शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात होते. त्याखाली एक वाक्य होतं: ‘खोलीच्या मोजमापातील किरकोळ तफावतीबाबत भविष्यात पडताळणी इष्ट.’ आणि पहिल्या पानावर शेऱ्याची शिफारस होती, ‘कमी धोका’. सहा मीटरला किरकोळ म्हणणारी मुलगी नव्हती ती. मीठ तोलून घालणारी आहे. तिने हे कोणासाठी लिहिलं ते समजायला मला फार अक्कल लागली नाही, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती चहा टाकत होती. मी अहवाल ओट्यावर ठेवला आणि विचारलं, हे काय लिहिलंयस.

तिने अहवालाकडे एकदा बघितलं. मग म्हणाली की माझ्याकडे एका उन्हाळ्याचे आकडे आहेत आणि तुमच्याकडे अठ्ठावीस वर्षांचे. समिती म्हणणार, एका उन्हाळ्यावरून धोका ठरत नाही. लढायचं तर तुमचे आकडे खोटे पाडल्याशिवाय गत्यंतर नाही. “आणि ते मला चारचौघांत जमणार नाही, आई. तुम्ही मला या घरात कधी परकं वागवलं नाही. मी तुमची अठ्ठावीस वर्षं पुसून टाकू का?”

“माझ्यावर दया करायला तुला कोणी सांगितलं?” मी म्हटलं. “तीन शहरं ते पाणी पितात. माझा मान त्यांच्या पाण्यापेक्षा मोठा झाला काय?”

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, आणि मी तिला व्हरांड्यातलं सगळं सांगितलं. टेप, छपन्न, जुन्या दोऱ्या, त्यांचे साठ आणि अठ्ठावन्न.  तिने ओटा पुसायचं सोडून दिलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या कपाळावर एक आठी पडली. ती पडली की तिला हाका मारून उपयोग नसतो, हे मुलाने मला लग्नाच्या आधीच सांगून ठेवलं होतं.

“आई, पहिली दोरी नवी होती तेव्हा बासष्ट म्हणजे खरंच बासष्ट होतं?”

होतं, मी म्हटलं. जुन्या साहेबांनी टेप धरला होता, दुसरं टोक माझ्या हातात होतं.

“आणि तेव्हा तिथे ऑक्सिजन पाच होता.”

पाच होता.

तिने वाण्याच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलने एक उभी रेघ ओढली. रेघेच्या बाजूला बासष्ट, साठ, अठ्ठावन्न, छपन्न लिहिलं आणि प्रत्येकासमोर तोच आकडा, पाच. मग माझ्याकडे बघून ती म्हणाली की बाटली वर वर येत होती, म्हणजे तिला अधिकाधिक चांगलं पाणी मिळायला हवं होतं. पाचाचे सहा, सात व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. म्हणजे खालचं ऑक्सिजन संपलेलं, मेलेलं पाणीही तुमच्या दोरीच्या बरोबरीने वर चढत होतं. अठ्ठावीस वर्षांत सहा मीटर.

मी त्या चार आकड्यांकडे बघत राहिले. एवढी वर्षं मी त्या पाचावर विसंबून गावभर सांगत फिरले की तळ ठीक आहे. तोच पाच आता नेमकं उलटं सांगत होता. या पोरीने पेन्सिलच्या एका रेघेत माझी अख्खी नोकरी चुकीची ठरवली आणि त्याच रेघेत ती कामाला लावली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला लाज वाटेनाशी झाली. मला तिचा इतका अभिमान वाटला की चहा पुन्हा टाकायला मीच उठले.

ती मात्र घाबरली होती. तुमच्या आकड्यांची खोली बदलून लिहायची तर ती का बदलली हे समिती विचारणारच, असं ती म्हणाली. मी म्हटलं, विचारू देत की. रात्रीचं जेवण मुलाने केलं. भात थोडा लागला, पण दोघीही काही बोललो नाही.

पुढचे दोन आठवडे आम्ही तिन्ही दोऱ्या साहेबांसमोर मोजल्या, दर लाल खुणेला त्यांची सही घेतली. सही करताना ते प्रत्येक वेळी सुस्कारा टाकायचे. तिने अहवाल मुळापासून पुन्हा लिहिला. दोरीचा भाग तिने तीनदा लिहिला आणि तीनदा मी त्यातली माया खोडली.

समितीची बैठक आमच्याच केंद्राच्या वरच्या खोलीत झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एक करकरणारा पंखा. समितीत पाच जण होते. अध्यक्षबाई सगळ्यांत वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. मला पाठीमागे भिंतीशी खुर्ची दिली होती. सूनबाई उभी राहिली. पहिली दहा मिनिटं तिने असं मांडलं की माझी मान आपोआप वर झाली. तळाचं पाणी मेलं तर गाळात दडलेलं खत आणि लोखंड पाण्यात सुटतं, थंडीत तलाव वर-खाली ढवळला की ते सगळं वर येतं, मग आधी मासे जातात आणि नंतर नळाला वास सुटतो. एक अवघड शब्द नाही, एक फालतू शब्द नाही. मग ती दोरीवर आली आणि अडखळू लागली.

“काही कारणांमुळे दोरीच्या खोलीत फरक पडल्याचं आढळून आलं,” असं ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “कोणत्या कारणांमुळे? दोरी कोण आखत होतं?”

सूनबाईने मिठाची गुळणी धरली. समोरचे कागद नीट होते तरी ती ते पुन्हा नीट करू लागली. कडेला बसलेला समितीतला एक जण म्हणाला की दोरीवर भरवसा नसेल तर जुने आकडे बाजूला ठेवू, आणि मग उरतो एक उन्हाळा. त्यावर शेरा बदलता येणार नाही. दोघांनी माना डोलावल्या. अध्यक्षबाईंनी पेन उचललं. ते पेन कागदाला लागलं की पुढची दहा वर्षं गेली, हे त्या खोलीत आम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि ती माझ्यापायी बोलत नव्हती.

मी उठले.  म्हटलं, दोरी मी आखत होते. तिन्ही मीच आखल्या. नवी दोरी मी जुनीवरून उतरवायचे आणि मला वाटायचं मी फार काटेकोर आहे. जुनी आखडलेली होती, म्हणून नवी आधीपासूनच आखूड. मोजून बघायची गरज मला अठ्ठावीस वर्षांत वाटली नाही, कारण माझ्या कामात चूक होईल हे मला खरंच वाटत नव्हतं. तिन्ही दोऱ्या खाली व्हरांड्यात पसरून ठेवल्यात. ज्याला शंका असेल त्याने टेप घेऊन खाली यावं.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. 

“हे लिहून घेतलं की तुमच्या नावावर राहील,” अध्यक्षबाई म्हणाल्या. आवाज मघापेक्षा मऊ होता. “निवृत्तीला आलात म्हणे.”

“आकडे बरोबर आहेत, बाई. खोली चुकली. चूक माझ्या नावावर लिहा,” मी म्हटलं. “आणि ती कोणी शोधली तेही त्याच ओळीत लिहा.”

अध्यक्षबाई उठल्या आणि टेप मागितला. पाचही जण खाली आले. त्या वयात त्यांनी स्वतः गुडघे टेकून टेप लावला, साहेबांनी दुसरं टोक धरलं. त्यांना अर्धा तास लागला. सूनबाई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली, पण मी सोडवून घेतली नाहीत. वर परत आल्यावर शेरा ठरायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ‘जास्त धोका’, पाचही सह्यांनिशी.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं म्हणतात. माझे चार दिवस छान गेले. पण सुनेचे चार दिवस बघण्यात इतका आनंद असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात मी कोणालाच सोडलं नाही. पाववाला, औषधाच्या दुकानातली मुलगी, गावाला राहणारी माझी बहीण, सगळ्यांना थांबवून सांगितलं. समितीपुढे काय झालं, छपन्न म्हणजे काय, तिने पेन्सिलने रेघ कशी ओढली. बहिणीने दुसऱ्यांदा ऐकताना फोन ठेवून दिला.

शनिवारी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांच्या कानावर अर्धंमुर्धं आलं होतं. त्यांनी माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या की ऐकून फार वाईट वाटलं. हल्लीच्या मुली अशाच. सासूची चूक काढायची ती काढायची, तीही ऑफिसात, सगळ्या मोठ्या लोकांसमोर. तुम्ही सहन कसं केलंत?

माझं डोकं असं फिरलं की हातातली पिशवी मी पायरीवर ठेवली.

“काकू, ती काढत नव्हती. तोंड शिवून उभी होती माझ्यासाठी, त्याचाच मला राग आला,” मी म्हटलं. “अठ्ठावीस वर्षं मी तुम्हाला सांगत होते की तलाव ठीक आहे, आणि तुम्ही नळ सोडून निर्धास्त पाणी पीत होतात. ते खोटं होतं. खरं काय ते माझ्या सुनेने शोधलं. उद्या नातवंडाला पेला भरून द्याल तेव्हा हे ध्यानात ठेवा. आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा कोणाला सांगू नका, अभिनंदन करायला वर या. ती घरीच आहे.”

काकू वर आल्या. खरंच आल्या, आणि दारात उभ्या राहून तिचं अभिनंदन केलं. सूनबाई गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, बघतेस काय, आत बोलाव त्यांना, आणि ती पेन्सिलची रेघ पुन्हा एकदा काढून दाखव. माझी अजून पुरती बघून झालेली नाही.